जुने एचटीएमएल टॅग आणि मीडियाचा फॉलबॅक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या साइटची डागडुजी ज्यांच्या गळ्यात पडली आहे त्यांच्यासाठी हे पान आहे. टॅगांची नावे इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. कोडमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत लिहायची. मूळ व्हिडिओ, चित्र किंवा फाइल दाखवता आली नाही तर तिच्या जागी जे दिसावे तो फॉलबॅक. या विषयातले निम्मे घोळ एकाच समजुतीतून होतात: टॅगच्या आत चार शब्द लिहून ठेवले की वेळ पडेल तेव्हा ते आपोआप दिसतील. तसे होत नाही. प्रत्येक टॅगचा नियम वेगळा आहे, आणि काही टॅगांत ते शब्द कधीच दिसत नाहीत.

टॅग कालबाह्य ठरला म्हणजे तो चालायचा थांबतो का?

नाही. कालबाह्य म्हणजे नवीन पानात तो लिहू नये, एवढेच. ब्राउझरने त्याचे काय करायचे हे एचटीएमएलच्या अधिकृत स्टँडर्डमध्ये वेगळे लिहिलेले असते. ‘सेंटर’, ‘फॉन्ट’, ‘मार्की’ हे तिन्ही आजही सगळ्या मोठ्या ब्राउझरांत चालतात. उलट ‘ब्लिंक’ कुठेच चालत नाही. फायरफॉक्सने तो ऑगस्ट २०१३ मध्ये, आवृत्ती २३ पासून बंद केला. म्हणून ‘अजून दिसतंय ना, मग राहू दे’ आणि ‘कालबाह्य आहे, आत्ताच काढा’ या दोन्ही भूमिका अर्धवट आहेत. टॅग तुमच्या पानात नेमके काय करतो ते पाहून ठरवा.

अधिकृत यादी हवी असेल तर ती डब्ल्यूएचएटीडब्ल्यूजी हा ब्राउझर कंपन्यांचा गट सांभाळत असलेल्या एचटीएमएल लिव्हिंग स्टँडर्डमध्ये आहे; २०१९ पासून तेच एकमेव प्रमाण आहे. १९९९ च्या एचटीएमएल ४.०१ वर किंवा २०१४ च्या एचटीएमएल ५ वर विसंबू नका.

मीडियाशी संबंधित कोणते टॅग गेले?

‘ॲप्लेट’, ‘बीजीसाउंड’, ‘नोएम्बेड’, ‘फ्रेमसेट’, ‘फ्रेम’, ‘नोफ्रेम्स’ आणि अलीकडे ‘पॅरॅम’. ‘ऑब्जेक्ट’ आणि ‘एम्बेड’ मात्र कालबाह्य नाहीत. ते प्लगइनसाठी (ब्राउझरला जोडायच्या वेगळ्या प्रोग्रामसाठी) वापरत असत आणि प्लगइन संपले, म्हणून लोक त्यांनाही मोडीत काढतात. ‘ऑब्जेक्ट’चे ‘क्लासआयडी’, ‘कोडबेस’ यांसारखे काही ॲट्रिब्यूट तेवढे मोडीत निघाले आहेत.

जावा ॲप्लेट (पानात चालणारा छोटा जावा प्रोग्राम) असलेल्या पानावर आता काय दिसते?

ब्राउझर ‘ॲप्लेट’ला अनोळखी टॅग मानतो, त्यामुळे त्याच्या आतला मजकूर साध्या मजकुरासारखा दिसतो. म्हणजे वीस वर्षांपूर्वी कुणीतरी लिहिलेले ‘तुमच्या ब्राउझरमध्ये जावा नाही’ हे वाक्य आज प्रत्येक वाचकाला दिसते. टॅग काढा आणि जागेवर ॲप्लेट काय दाखवत होते त्याचे चित्र व दोन ओळींचे वर्णन ठेवा.

‘एम्बेड’च्या आत फॉलबॅक लिहिला, पण तो सतत दिसतो. असे का?

‘एम्बेड’ला आत काही नसतेच. नेटस्केपने आणलेला हा टॅग ‘आयएमजी’सारखा एकटा उभा राहतो, त्याचा शेवटचा टॅग ब्राउझर दुर्लक्षून टाकतो. मध्ये लिहिलेला मजकूर त्याच्या आत न जाता शेजारी जाऊन बसतो, म्हणून मीडिया चालो वा न चालो, तो दिसतो.

यावर नेटस्केपचा उपाय होता ‘नोएम्बेड’. त्यामागचा हिशेब असा: ज्या ब्राउझरला ‘एम्बेड’ कळत नाही त्याला ‘नोएम्बेड’ही कळणार नाही, म्हणजे आतला मजकूर तो दाखवील. आजचे सगळे ब्राउझर दोन्ही ओळखतात, त्यामुळे ‘नोएम्बेड’मधला मजकूर कुणालाच दिसत नाही. आतले टॅग टॅग म्हणून वाचलेही जात नाहीत. आतली लिंक ही लिंक राहत नाही, नुसती अक्षरे उरतात. तिथे उपयोगाचे काही असेल तर बाहेर काढा आणि टॅग पुसा. फॉलबॅक हवाच असेल तर ‘एम्बेड’ऐवजी ‘ऑब्जेक्ट’ वापरा.

‘ऑब्जेक्ट’च्या आत ‘एम्बेड’ असा फ्लॅशचा जुना कोड आहे. त्याचे काय करायचे?

ही जोडी का होती ते आधी कळले की काम सोपे जाते. इंटरनेट एक्सप्लोरर ‘क्लासआयडी’ या क्रमांकावरून ॲक्टिव्हएक्स या स्वतःच्या प्लगइन-पद्धतीतला फ्लॅश उघडत असे; नेटस्केप आणि त्याच्या वंशातल्या ब्राउझरांना तो क्रमांक कळत नसे, म्हणून ते आतल्या ‘एम्बेड’कडे जात. म्हणजे ‘एम्बेड’ हाच फॉलबॅक होता. फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० ला संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरने स्वतःच मजकूर चालवणे बंद केले. पण ब्राउझर आजही त्याच वाटेने जातो: ‘ऑब्जेक्ट’ जमत नाही, आत बघतो, तिथे ‘एम्बेड’ सापडतो, आणि प्लगइन चालत नसल्याची करडी चौकट दाखवून थांबतो. तुमचा खरा फॉलबॅक, असलाच तर, त्याच्याही पलीकडे राहतो.

काम असे करा. प्रथम ‘फ्लॅशव्हार्स’, म्हणजे फ्लॅशला पाठवलेल्या किमतींची ओळ, पाहा. अनेकदा एसडब्ल्यूएफ (फ्लॅशची फाइल) ही फक्त प्लेअरची चौकट असते आणि खरा व्हिडिओ वेगळ्या एफएलव्ही (फ्लॅश व्हिडिओ) किंवा एमपी४ फाइलीत, त्याच सर्व्हरवर पडलेला असतो. तिचा पत्ता ‘फ्लॅशव्हार्स’मध्ये सापडतो. ती फाइल मिळाली तर सगळी जोडी काढून साधा ‘व्हिडिओ’ टॅग लावा. एसडब्ल्यूएफमध्ये ॲनिमेशन किंवा खेळ असेल तर पुढचा प्रश्न वाचा. आणि ती नुसती चमकणारी जाहिरात किंवा मेनू असेल तर काढून टाका, कुणाला उणीव भासणार नाही.

एक अडचण इथे हमखास येते: शोधूनही ‘ऑब्जेक्ट’ सापडत नाही. अशा वेळी तो कोड पान उघडताना जावास्क्रिप्ट लिहीत असते. २००६ नंतर ड्रीमवीव्हर या पाने बनवायच्या सॉफ्टवेअरने तयार केलेल्या पानांत ‘एसी रनॲक्टिव्हकंटेंट’ नावाची स्क्रिप्ट असते आणि तोच कोड ‘नोस्क्रिप्ट’मध्ये पुन्हा एकदा, दोन्ही काढावे लागतात. एसडब्ल्यूएफऑब्जेक्ट ही लायब्ररी असेल तर ती फ्लॅश सापडला तरच मूळ मजकूर बदलते, म्हणजे आज पर्यायी मजकूर कायमचा दिसतो. तो बहुधा ‘फ्लॅश प्लेअर डाउनलोड करा’ असा असतो. ही लिंक तातडीने काढा. ते बटण शोधत वाचक भलत्याच साइटवरून भलतेच काही उतरवून घेतो.

एसडब्ल्यूएफ जपून ठेवायची आहे. पर्याय आहे का?

रफल. रस्ट भाषेत लिहिलेला हा मुक्त-स्रोत एम्युलेटर (फ्लॅशची नक्कल करणारा प्रोग्राम) ब्राउझरमध्येच वेबअसेंब्लीवर चालतो; इंटरनेट अर्काइव्हने नोव्हेंबर २०२० पासून फ्लॅश संग्रहासाठी तोच घेतला. त्याची स्क्रिप्ट पानात जोडली की जुने ‘ऑब्जेक्ट’ आणि ‘एम्बेड’ तो स्वतः ओळखून बदलतो, त्यामुळे इथे मात्र जुना कोड काढायचा नाही. ॲक्शनस्क्रिप्ट (फ्लॅशची भाषा) १ आणि २ वरच्या फाइली चांगल्या चालतात. ३ वरच्या प्रत्येक फाइलीची चाचणी घ्या. चौकट रिकामी राहिली तर सर्व्हर वेबअसेंब्ली फाइल ‘ॲप्लिकेशन/वाझम’ या माइम प्रकाराने देतो का, ते आधी पाहा.

‘व्हिडिओ’च्या आत संदेश लिहिला आहे, फाइल सर्व्हरवर नाही, तरी संदेश दिसत नाही. का?

कारण तो संदेश फाइल नसल्याच्या प्रसंगासाठी नाहीच. ‘व्हिडिओ’ आणि ‘ऑडिओ’च्या आतला मजकूर फक्त हे टॅग मुळातच न कळणाऱ्या ब्राउझरसाठी असतो, म्हणजे इंटरनेट एक्सप्लोरर ८ आणि त्याआधीचे. आजच्या ब्राउझरला टॅग कळतो. फाइल ४०४ (सर्व्हरवर सापडली नाही) असो, कोडेक (व्हिडिओ दाबून साठवण्याची पद्धत) अनोळखी असो, नेट तुटलेले असो, तो काळी चौकट दाखवतो आणि आतला मजकूर लपवूनच ठेवतो. स्क्रीन रीडरलाही तो मिळत नाही, म्हणून दृष्टिबाधितांसाठीचे वर्णन किंवा संवादांची संहिता तिथे कधीच ठेवू नका.

यावरचा सगळ्यात टिकाऊ उपाय अगदी साधा आहे: चौकटीच्या खाली ‘व्हिडिओ डाउनलोड करा, एमपी४, १८ एमबी’ अशी लिंक कायम दिसू द्या. आकार लिहिल्याने मोबाइल डेटावर असलेल्याला आधीच अंदाज येतो.

फाइल चाललीच नाही तर तेव्हाच संदेश दाखवायचा आहे. तो कसा?

स्क्रिप्ट लागते, आणि तिच्यात चार ठिकाणी ठेच लागते.

पत्ता ‘व्हिडिओ’च्याच ‘एसआरसी’ ॲट्रिब्यूटमध्ये असेल तर ‘एरर’ हा इव्हेंट (ब्राउझरने स्क्रिप्टला दिलेली सूचना) ‘व्हिडिओ’वर येतो. फाइल नसणे आणि प्रकार न चालणे या दोन्हींसाठी त्रुटी क्रमांक ४ मिळतो. पण आत ‘सोर्स’ टॅग असतील तर ‘एरर’ त्या त्या ‘सोर्स’वर येतो आणि वर ‘व्हिडिओ’पर्यंत पोचत नाही. म्हणून लिसनर (ती सूचना ऐकणारा कोड) शेवटच्या ‘सोर्स’वर लावा; तो अपयशी झाला म्हणजे सगळे संपले. तिसरी गोष्ट: स्क्रिप्ट उशिरा लोड झाली तर इव्हेंट आधीच होऊन गेलेला असतो. तेव्हा ‘नेटवर्कस्टेट’ तपासा. किंमत ३ असेल तर एकही स्रोत चाललेला नाही. चौथी: ‘प्रीलोड’ची किंमत ‘नन’ असेल तर प्लेचे बटण दाबेपर्यंत फाइल मागवलीच जात नाही, म्हणून ती नसल्याचेही तोवर कळत नाही.

‘एसआरसी’ आणि ‘सोर्स’ एकत्र लिहू नका. ‘व्हिडिओ’ला ‘एसआरसी’ असेल तर आतले सगळे ‘सोर्स’ दुर्लक्षिले जातात.

‘सोर्स’चा क्रम आणि ‘टाइप’ कसा लिहायचा?

ब्राउझर वरून खाली जातो आणि चालेल असे वाटणारा पहिला स्रोत घेतो. सर्वांत चांगला त्याने निवडावा ही अपेक्षा व्यर्थ आहे. म्हणून लहान आकाराची, नव्या कोडेकची वेबएम आधी आणि सगळीकडे चालणारी एच.२६४ ची एमपी४ शेवटी. एमपी४ वर ठेवलीत तर वेबएम कुणीच उघडणार नाही.

‘टाइप’ खरा लिहा. चुकीचा असेल तर ब्राउझर फाइल न मागवताच पुढे जातो, आणि नेटवर्क पॅनेलमध्ये काहीच न दिसल्याने तुम्ही तासभर सर्व्हर तपासत बसता. ‘कोडेक्स’ लिहायचे तर त्यांची यादी दुहेरी अवतरणात असते. म्हणून बाहेरचे अवतरण एकेरी हवे. दोन्ही दुहेरी केलीत तर ॲट्रिब्यूट मध्येच संपते.

फाइल थेट उघडली की चालते, पण आयफोनवर पानात चालत नाही.

या क्रमाने पाहा. सफारी आधी फाइलचे पहिले दोन बाइट मागते आणि २०६ (मागितलेला तुकडा) या उत्तराची वाट पाहते. सर्व्हरने अख्खी फाइल २०० (सगळे ठीक) देऊन पाठवली की ती थांबते. पीएचपी स्क्रिप्टमधून फाइल वाचून देणाऱ्या साइटींत हे नेहमीचे. कर्ल या कमांडने शून्य ते एक बाइट ही रेंज मागून पाहा. २०६ आणि ‘कंटेंट-रेंज’ दोन्ही आले पाहिजेत.

मग रंगाचे स्वरूप. ‘वायूव्ही ४२०पी’ नसलेली एच.२६४ फाइल संगणकावरच्या प्लेअरमध्ये चालते आणि ब्राउझरमध्ये अडते. एफएफएमपेग या रूपांतराच्या प्रोग्रामला ‘पिक्स एफएमटी’ स्पष्ट द्या. रुंदी आणि उंची सम संख्या हव्यात. ३२१ पिक्सेल रुंदीच्या जुन्या क्लिपवर रूपांतर तिथेच थांबते.

फाइल चालते पण सुरू व्हायला फार वेळ लागत असेल तर एमपी४ ची अनुक्रमणिका फाइलच्या शेवटी आहे. एफएफएमपेगच्या ‘मूव्हफ्लॅग्ज’मध्ये ‘फास्टस्टार्ट’ दिले की ती पुढे येते. यात पुन्हा एन्कोड करावे लागत नाही, काम सेकंदांत होते.

जुनी एफएलव्ही असेल तर आधी एफएफप्रोबने आत काय आहे ते बघा. एच.२६४ आणि एएसी असेल तर नुसती कॉपी करून एमपी४ करता येते, दर्जा तसूभर कमी होत नाही. सोरेन्सन स्पार्क किंवा व्हीपी६ असेल तर पुन्हा एन्कोड करण्यावाचून इलाज नाही. ‘सीआरएफ’ हा दर्जाचा आकडा २३ पासून सुरू करा, आकडा कमी केला की दर्जा आणि आकार दोन्ही वाढतात.

‘पिक्चर’मध्येही ‘सोर्स’ आहेत. तिथे हाच नियम का नाही?

नाव एक, वागणूक वेगळी. ‘व्हिडिओ’त पहिली फाइल ४०४ आली तर ब्राउझर दुसरीकडे जातो. ‘पिक्चर’मध्ये निवड फक्त ‘टाइप’ आणि ‘मीडिया’ वरून होते. निवडलेली एव्हीआयएफ (चित्राचा नवा प्रकार) सर्व्हरवर नसेल तर पुढचे वेबपी घेतले जात नाही, ‘ऑल्ट’मधला पर्यायी मजकूर दिसतो. शेवटी ‘आयएमजी’ हवाच. त्याच्याविना काहीच दिसत नाही.

‘आयफ्रेम’च्या आतला मजकूर कधी दिसतो?

आता कधीच नाही. एचटीएमएल ४ मध्ये तो फ्रेम न कळणाऱ्या ब्राउझरसाठी होता. समोरच्या साइटने ‘एक्स-फ्रेम-ऑप्शन्स’ने फ्रेममध्ये दिसायला मनाई केली असेल तरी तो येत नाही, आणि स्क्रिप्टने पकडू म्हटले तर ‘लोड’ इव्हेंट तरीही येतो. म्हणून यूट्यूब किंवा नकाशाच्या प्रत्येक ‘आयफ्रेम’खाली मूळ पानाची लिंक द्या आणि ‘टायटल’ भरा.

पानाचा खालचा सगळा भाग गायब झाला असेल तर ‘आयफ्रेम’ एक्सएचटीएमएलच्या सवयीने स्वतःच्याच टॅगमध्ये तिरपी रेघ देऊन बंद केला आहे का ते पाहा. ब्राउझर ती रेघ मानत नाही आणि पुढचे सारे पान आतला मजकूर समजून गिळून टाकतो. ‘व्हिडिओ’ आणि ‘ऑब्जेक्ट’लाही हेच लागू आहे.

मग खरा फॉलबॅक कोणत्या टॅगमध्ये चालतो?

‘ऑब्जेक्ट’मध्ये. फाइल ४०४ आली, प्रकार कळला नाही, सर्व्हर सापडला नाही, या सगळ्या प्रसंगी आतला मजकूर दिसतो, आणि एकात एक असे अनेक ‘ऑब्जेक्ट’ ठेवता येतात. ब्राउझर प्रमाण पाळतात का हे पाहणाऱ्या २००५ च्या ॲसिड२ चाचणीतल्या चेहऱ्याचे डोळे याच युक्तीने काढलेले होते: बाहेरच्या ‘ऑब्जेक्ट’ना मुद्दाम न चालणारे प्रकार आणि न सापडणारा पत्ता दिला होता.

अट एकच, सर्व्हरने खरोखर ४०४ द्यायला हवे. पुष्कळ साइट ‘पान सापडले नाही’ हे पान २०० देऊन पाठवतात. मग ब्राउझरच्या लेखी फाइल मिळाली. फॉलबॅकऐवजी तेच पान त्या चौकटीत दिसू शकते.

पीडीएफ पानातच दाखवायची आहे.

‘ऑब्जेक्ट’, ‘टाइप’ आणि आत डाउनलोडची लिंक. अँड्रॉइडवर अनेक ब्राउझर पीडीएफ पानात दाखवत नाहीत, तिथे ही लिंक कामी येते. आयफोनवर मात्र अनेकदा फक्त पहिले पान दिसते. ब्राउझरला वाटते जमले, म्हणून फॉलबॅक येत नाही. त्यामुळे लिंक बाहेरही द्या. चौकटीऐवजी फाइल डाउनलोड होत असेल तर सर्व्हर ‘कंटेंट-डिस्पोझिशन’मध्ये ‘अटॅचमेंट’ पाठवतो आहे.

‘कॅनव्हास’च्या आत काय लिहावे?

भरपूर. डोळ्यांना दिसत नसले तरी आतला मजकूर स्क्रीन रीडरला मिळतो, आतल्या बटणांवर टॅब कीने जाता येते. आलेख काढला असेल तर त्याचा तक्ता आत ठेवा.

‘बीजीसाउंड’ने वाजणारे संगीत परत आणता येईल का?

आपोआप वाजणारे नाही. हा इंटरनेट एक्सप्लोररचा टॅग होता, आता कुठेच चालत नाही. ‘ऑडिओ’ला ‘ऑटोप्ले’ लावले तरी क्रोम एप्रिल २०१८ पासून वाचकाने पानाला हात लावल्याखेरीज आवाज सहसा सुरू करत नाही. ‘कंट्रोल्स’ लिहा, नाहीतर ‘ऑडिओ’ पानावर दिसतच नाही. मिडी फाइल ब्राउझरमध्ये वाजत नाही, ती फ्लुइडसिंथ हा प्रोग्राम आणि साउंडफॉन्ट (वाद्यांच्या आवाजांची फाइल) वापरून वेव्ह करा, मग एमपी३ करा.

सूचनांची पट्टी ‘मार्की’त आहे. चालते तर काढायची कशाला?

ती थांबवता येत नाही म्हणून. डब्ल्यूसीएजी या सुगम्यतेच्या नियमावलीतल्या २.२.२ या निकषानुसार आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांहून जास्त काळ हलणारा मजकूर वाचकाला थांबवता आला पाहिजे. माउस नेला की थांबण्याची जुनी सोय मोबाइलवर आणि कीबोर्डवर उपयोगाची नाही. पट्टीतल्या सूचनांची तारखेसह साधी यादी करा. निविदेची अंतिम तारीख सरकत जाणाऱ्या ओळीत ठेवणे हा वाचकावर अन्यायच आहे.

मराठी साइटवरचे ‘फॉन्ट’ टॅग काढले आणि मजकूर रोमन अक्षरांचा चिवडा झाला!

घाई झाली. बॅकअप परत आणा. युनिकोडपूर्वीच्या मराठी पानांत मजकूर मुळात देवनागरीत नसतो. रोमनसाठीचे संकेतांक असतात आणि शिवाजी, श्री-लिपी, कृतिदेव, सी-डॅकचा योगेश यांसारखा फॉन्ट त्यांना देवनागरीचे रूप देतो. प्रत्येकाचा आराखडा निराळा. म्हणून ‘फॉन्ट’ टॅगचा ‘फेस’ हीच कोणता तुकडा कोणत्या आराखड्यात आहे याची एकमेव खूण असते. ती पुसली की मधले इंग्रजी शब्द कुठले आणि मराठी कुठले हेही कळेनासे होते.

क्रम असा ठेवा: ‘फेस’च्या किमतींची यादी करा, प्रत्येक फॉन्टसाठी त्याचाच कन्व्हर्टर घ्या, फक्त त्या टॅगच्या आतला मजकूर बदला, फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवून ‘मेटा चारसेट’ बदला, ‘लँग’ला मराठीची किंमत ‘एमआर’ द्या, आणि सगळ्यात शेवटी ‘फॉन्ट’ टॅग काढा. सोबत ‘फॉन्टडेफ’ची लिंक, पीएफआर आणि ईओटी फाइलीही जाऊ द्या, नेटस्केप ४ आणि एक्सप्लोररसाठीचे ते डायनॅमिक फॉन्ट होते.

रूपांतरानंतर डोळ्यांनी तपासायच्या जागा ठरलेल्या आहेत. ऱ्हस्व वेलांटी जुन्या आराखड्यात अक्षराच्या आधी टंकलेली असते, युनिकोडमध्ये नंतर येते, रफाराचे उलट. ‘स्थिती’, ‘आर्थिक’, ‘दुसऱ्या’, ‘कॉलेज’, ‘ज्ञानेश्वर’ हे शब्द शोधून पाहा. कन्व्हर्टर कच्चा असेल तर त्यांतच उघडा पडतो.

व्हिडिओला मराठी उपशीर्षके जोडली, दिसत नाहीत.

उपशीर्षकांच्या ‘ट्रॅक’ टॅगला एसआरटी फाइल चालत नाही, वेबव्हीटीटी लागते. पहिल्या ओळीत त्याचे नाव रोमन कॅपिटलमध्ये हवे, वेळेत मिलिसेकंदांपूर्वी स्वल्पविरामाऐवजी टिंब हवे, फाइल यूटीएफ-८ हवी. ‘डिफॉल्ट’ लिहिले नाही तर वाचकाला ती स्वतः चालू करावी लागतात. फाइल दुसऱ्या डोमेनवर असेल तर ‘व्हिडिओ’ला ‘क्रॉसओरिजिन’ आणि समोरच्या सर्व्हरची परवानगी लागते.

दुरुस्तीनंतर फॉलबॅक खरोखर चालतो हे कसे तपासायचे?

क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्क पॅनेल उघडा, त्या फाइलवर उजवी क्लिक करून तिची विनंती ब्लॉक करा आणि पान पुन्हा लोड करा. एवढ्याने नेट तुटल्याचा प्रसंग तपासला जातो, ४०४ चा नाही. त्यासाठी चाचणी सर्व्हरवरच्या प्रतीत फाइलचे नाव बदला आणि उत्तराचा क्रमांक पाहा. राहिलेले जुने टॅग नू एचटीएमएल चेकर दाखवतो, पण स्क्रिप्टने लिहिलेले त्याला दिसत नाहीत. ते कोडमध्येच शोधा, आणि शोधताना लहान-मोठ्या अक्षरांचा भेद बंद ठेवा. त्या काळी टॅग सर्रास कॅपिटलमध्ये लिहीत.